अर्धा पडदा

नागवेकरांच्या घरात अबोला होता, आणि तोही चांगला मुरलेला.

"ज्यांना चहा हवा असेल त्यांनी घ्यावा, गाळून ठेवलाय," असं हर्षदा फ्रिजकडे बघून म्हणायची. थोड्या वेळाने केतकी येऊन कप उचलायची आणि खिडकीला सांगायची, "साखर कमी आहे." खिडकी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी साखर अर्धा चमचा जास्त पडायची, पण ती कोणी कोणासाठी घातली याचा उच्चार व्हायचा नाही. दोघींची वयं पन्नाशीच्या पुढची, आणि वागणं हे असं.

हर्षदा नणंद, केतकी भावजय. दोघींमधला दुवा म्हणजे रूपेश, हर्षदाचा धाकटा भाऊ आणि केतकीचा नवरा. तो दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला, चालता-बोलता. मागे राहिलं ते रत्नागिरीतलं भाट्याच्या खाडीकडे तोंड करून असलेलं घर, केतकीचा कोकम-आगळाचा छोटा उद्योग, इस्पितळातून वॉर्डसिस्टर म्हणून निवृत्त होऊन माहेरी परतलेली हर्षदा, आणि पुढच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी. टाकीत चार-सहा मासे आणि एक प्रवाळ. भांडण या प्रवाळावरून.

ते नारळापेक्षा थोडं मोठं होतं, हिरवट तपकिरी, अंगभर नागमोडी वळणं. ज्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला की किनाऱ्यालगतची प्रवाळं पांढरीफटक पडून मेली, त्या उन्हाळ्यात रूपेश पाण्याखालच्या पाहणी पथकात होता. सगळीकडे नुसती हाडं पसरल्यासारखं दिसत होतं, आणि त्यात हे एक जिवंत. उष्णता सोसायचं काहीतरी त्याच्या अंगात होतं. अशी तगलेली प्रवाळं संवर्धन केंद्राने शोधून काढली आणि किनाऱ्यावरच्या घराघरांत सांभाळायला दिली. एकाच ठिकाणी ठेवली आणि तिथला पंप बंद पडला तर सगळीच जायची, म्हणून ही विभागणी. समुद्र पुन्हा राहण्याजोगा झाला की परत करायची, असा करार.

आता घरात समुद्र ठेवायचा म्हणजे काय, हे जरा सांगायला हवं. मासे खातात आणि मासे घाण करतात. त्या घाणीचा पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं पुढे नायट्रेट होतं, खाण्यातून फॉस्फेट येतं. ही दोन्ही खतंच. शेतात पडली तर पीक वाढतं, टाकीत साचली तर काचेवर, दगडांवर आणि शेवटी प्रवाळाच्या अंगावर शेवाळ चढतं आणि ते गुदमरून मरतं. यावरचा उपाय जुना आहे आणि मोठा गमतीचा आहे. शेवाळ वाढणारच असेल, तर आपण सांगू तिथे वाढू दे. टाकीमागे एक बंद पेटी, पेटीत खरखरीत जाळीचा उभा पडदा. त्यावरून टाकीचं पाणी सतत पातळ ओघळतं, आणि समोर लालभडक दिवा. शेवाळ त्या जाळीला घट्ट धरून वाढतं, पाण्यातली खतं पिऊन टाकतं, आणि टाकीतल्या शेवाळाची उपासमार होते. मग पडद्यावरचं शेवाळ खरवडून काढलं की जी घाण पाण्यात होती ती टोपलीत आली. नागवेकरांकडे ती धुऊन मिरचीच्या रोपांना जायची.

इथवर सगळं आपल्या आजोबांच्या काळातल्या हौशी लोकांनाही माहीत होतं. नवं काय, तर प्रयोगशाळेत घडवलेलं शेवाळ. ते अमोनियाच थेट गिळायचं, तेही असं अधाशासारखं की पूर्वी दगडांवर आणि वाळूत राहून हे काम करणाऱ्या जिवाणूंना काही उरेना. वर्षानुवर्षं उपाशी राहून ते जवळजवळ संपले. कोणाला त्याची खंत वाटली नाही. पाणी बदलायला नको, फेस काढायची यंत्रं नकोत, मिठाची पोती साठवायला नकोत. टाकीचा सगळा भार त्या एका पडद्यावर आला, आणि लोक खूश होते.

म्हणून नियम एकच होता. पडदा काढायचा तो अर्धाच. खरवडला नाही तर आतला थर उजेडाअभावी कुजून सगळी घाण पाण्यात परत सोडतो, आणि पूर्ण खरवडला तर नवं शेवाळ येईपर्यंत पाण्याला कोणी वाली नाही. त्यासाठी पेटीचे दोन कप्पे केलेले. मधे भिंत, दोन्हीकडे अर्धा-अर्धा पडदा, आणि दोन्हीला स्वतंत्र दारं, कारण तो दिवा डोळ्यांना वाईट. एक दार उघडलं की त्या बाजूचा दिवा विझतो. दुसऱ्या बाजूला काय आहे ते दिसत नाही.

रूपेश गेल्यावर दोघींनी बाजू वाटून घेतल्या. डावी हर्षदाची, उजवी केतकीची. "ताई, आज माझी बाजू काढते हं," अशी केतकी आतून हाक मारायची. "काढ. माझी मग पुढच्या आठवड्यात," असं हर्षदा अंगणातून ओरडायची. वेळापत्रक म्हणाल तर एवढंच. हाकेवर चाललेला कारभार, पण दोन वर्षं बिनचूक चालला.

मग आषाढात केंद्राचा निरोप आला. खोल, थंड पाण्यात एक जागा सापडली आहे. तिथे ही तगलेली प्रवाळं लावायची, म्हणजे त्यांची पिल्लावळ पसरेल. नागवेकरांचं प्रवाळ पहिल्या तुकडीत घ्यायचं आहे.

केतकीने जेवताना विषय काढला. "ताई, यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. वेळ आली की द्यायचं. मी हो कळवू का?"

"समुद्रात?" हर्षदाने घास खाली ठेवला. "पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तापला म्हणजे?"

"खोल जागा आहे. त्यांनी अभ्यास केलाय."

"अभ्यास केलेले लोक मी आयुष्यभर बघितलेत. रूपेशने हाताने उचलून आणलेलं आहे ते. त्याची आणखी काय राहिलीय वस्तू या घरात?"

"वस्तू नाही ना ती. जिवंत आहे."

शब्दाने शब्द वाढत गेला, आणि मग हर्षदा ते बोलून गेली. "तुझं काय गं. तुझा नवरा होता, गेला. उद्या तू दुसरा केलास तरी कोणी अडवणार नाही. मला दुसरा भाऊ मिळणार नाहीये."

केतकीने ताट उचललं, मोरीत ठेवलं, आणि त्या क्षणापासून अबोला. हर्षदाला हात धुताना कळलं होतं की आपण फार वाईट बोललो. पण माघार घ्यायची कशी, हे तिला कधी शिकायलाच मिळालं नव्हतं. वॉर्डमध्ये तिच्यासमोर डॉक्टरसुद्धा जपून बोलायचे.

श्रावण असाच गेला. गणपतीत पाहुण्यांसमोर दोघी हसून-खेळून वावरल्या आणि विसर्जन होताच पुन्हा फ्रिज आणि खिडकी. केतकीच्या मुलीने पुण्याहून फोनवर विचारलं, "आत्या, तुम्ही दोघी ठीक आहात ना?" हर्षदा म्हणाली, "आम्हाला काय धाड भरलीय?"

पितृपंधरवड्यात केतकीला ताप भरला. साधा हवा बदलल्याचा होता, पण अंगातलं त्राण गेलं. हर्षदाने तिच्या खोलीच्या दाराशी पेजेचा वाडगा ठेवला आणि दाराला उद्देशून म्हणाली, "गरम आहे तोवर घ्यावी. मेतकूट वर घातलंय." आतून खोकल्याचा आवाज आला. वाडगा रिकामा होऊन बाहेर आला. त्या रिकाम्या वाडग्याचं तिला बरं वाटलं, उगाच.

त्या सकाळी ती टाकीपाशी बराच वेळ उभी राहिली. प्रवाळाची एक कड काचेला टेकली होती आणि टेकून चपटी झाली होती. एवढ्या वर्षांत ते वाढलं होतं, आणि आता वाढायला जागाच नव्हती. हर्षदाला एकदम लाजल्यासारखं झालं. बरा झालेला पेशंट कॉटवर अडवून ठेवायचा नसतो, हे तिनेच कितीतरी नातेवाइकांना दटावून सांगितलेलं. आणि आपण काय करत होतो?

द्यायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. शुक्रवारी केंद्राची माणसं पाहणीला यायची होती. त्यांना सांगायचं, घेऊन जा म्हणून. केतकीदेखत सांगायचं, म्हणजे केतकीला कळेल, आणि आपण आधी बोललो असंही होणार नाही. आपल्या या युक्तीवर ती चक्क खूश झाली. माणूस किती हुशार असतो बघा.

मनातलं ओझं उतरलं तसं तिला काहीतरी करावंसं वाटू लागलं. केतकी अंथरुणात, म्हणजे तिची बाजू राहिली असणार. हर्षदाने उजवं दार उघडलं. शेवाळ खरंच दाटलं होतं. तिने खरवडणी घेऊन ते काढलं, जाळी निथळून परत लावली, दार लावलं. तापातल्या बाईचं एक काम कमी झालं. सांगायची गरज नव्हती, उठल्यावर तिला दिसेलच. मग तिने माशांना खाणं घातलं, थोडं सढळ हातानेच, आणि डोळे तपासायला डॉक्टरांकडे निघून गेली.

दुपारी दवाखान्यात बसली असताना फोनवर टाकीचा निरोप आला; तो दोघींच्याही फोनवर यायचा. ‘पडद्याचं शोषण कमी झालं आहे. पाहणी करावी.’ हर्षदा मनात म्हणाली, होणारच, अर्धा पडदा सकाळीच काढलाय. तिने ‘पाहिलं’ वर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच निरोप आला, पण ती बघेपर्यंत त्याखाली केतकीच्या नावाने ‘पाहिलं’ अशी खूण आली होती. म्हणजे उठलीय वाटतं, बरं वाटतंय तिला, असं वाटून हर्षदाने फोन ठेवून दिला.

त्याच्या पुढच्या सकाळी तिला स्वयंपाकघरात केतकीचा आवाज ऐकू आला. फ्रिजशी नाही, खिडकीशी नाही.

"ताई, जरा इकडे या."

हर्षदा गेली. मासे वर येऊन तोंडाची उघडमीट करत होते, एक तळाशी आडवा पडला होता. प्रवाळाचा रंग उतरला होता आणि त्याच्या वळणांवरून कातडी सुटल्यासारखा बुळबुळीत पापुद्रा पाण्यात लोंबत होता.  असं सुटलेलं कातडं हर्षदाने भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात पाहिलं होतं.

केतकीने उजवं दार उघडलेलं होतं. आत जाळी उघडी, नुकती कुठे हिरवी झाक.

"ही बाजू कोणी काढली?" केतकीने विचारलं.

"मी. तुला ताप होता म्हणून काढली."

केतकी दुसऱ्या बाजूला गेली आणि तिने डावं दार उघडलं. तिथेही तीच उघडी जाळी.

"ही मी काढली," ती म्हणाली. "तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात तेव्हा. तुमचा खांदा दुखतोय, ते मला दिसत होतं. म्हटलं, उठता येतंय तर एवढं करून टाकावं." मग म्हणाली, "मासे उपाशी असतील म्हणून खायलाही घातलं."

"मीही घातलं होतं."

"निरोप आला तेव्हा मला वाटलं, मीच अर्धा काढलाय, म्हणून आला असेल."

"मलाही," हर्षदा म्हणाली.

 भांडायला काही जागाच नव्हती.

मग धावपळ सुरू झाली. पाणी बदलायला हवं होतं, पण पाणी बदलायची वेळच येत नसल्याने घरात समुद्री मिठाचा कणही नव्हता. समोरच्या खाडीचं पाणी पावसाने गोडं झालेलं, ते घातलं असतं तर उरलंसुरलंही गेलं असतं. केतकीने केंद्राला फोन लावला. त्यांनी पाण्याचे कॅन पाठवतो म्हटलं, पण घाटात दरड पडल्याने गाडी फिरून येणार होती. शेजारच्या वस्तीत ज्यांच्याकडे टाकी होती त्यांच्याकडून हर्षदा बादल्या मागून आणत होती, भिजत, पायऱ्या चढत. त्या दिवसभरात दोघी जेवढं बोलल्या तेवढं गेल्या दोन महिन्यांत नव्हत्या बोलल्या. हे धर, ते ओत, सावकाश, तापमान बघ, हात सांभाळा ताई. सगळं कसं सहज येत होतं तोंडातून. इतकं सोपं होतं तर मग अडलं कुठे होतं, असं हर्षदाला मधेच वाटलं आणि ती बादली घेऊन क्षणभर तशीच उभी राहिली.

मासे दोन वाचले. प्रवाळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पूर्ण सुटलं. खाली राहिला तो पांढरा दगड, त्यावर ती सगळी वळणं स्वच्छ दिसत होती.

शुक्रवारी केंद्राची नेत्रा गुरव आली. तिशीतली मुलगी, पावसाचा कोट अंगावर, हातात उपकरणांची पेटी. तिने पाणी तपासलं, दगड सगळ्या बाजूंनी भिंगाखाली बघितला, कुठे नखाएवढी जिवंत जागा मिळते का म्हणून. मिळाली नाही. मग तिने पेटीची दोन्ही दारं उघडली आणि जरा थबकली. दोन्हीकडचं शेवाळ तरारून आलं होतं, नवं कोरं, ओलं हिरवंगार. जे काही प्रवाळातून सुटलं ते सगळं त्याला मिळालं होतं.

"तुमची काही चूक नाही तशी," नेत्रा म्हणाली. ती दयाळू होती, पण दयाळू माणसांनाही कुठे थांबावं ते कळत नाही. "दोन ठिकाणी असं झालंय. आम्हीच सगळं एका पडद्यावर सोपवायला नको होतं. वाईट एवढ्याचंच वाटतं, की नारळी पौर्णिमा झाल्यावर पहिल्या उघडिपीला आमची बोट तयार होती. बाकीची प्रवाळं गेली त्यात. छान धरलीत तिथे. तुमचं तेवढं राहिलं."

"राहिलं म्हणजे?" हर्षदाने विचारलं. "आम्हाला कोणी कळवलं नाही."

नेत्राने केतकीकडे बघितलं. "केतकीताईंना कळवलं होतं की. त्या म्हणाल्या, आमच्या ताई स्वतःच्या तोंडाने हो म्हणेपर्यंत थांबा. आम्ही दोनदा विचारलं."

केतकी काचेवरचा पाण्याचा ओघळ फडक्याने पुसत होती. 

नेत्रा गेल्यावर हर्षदा टाकीपुढच्या स्टुलावर बसली. तिला रडू येत नव्हतं.  वेळेवर एक शब्द बोलली असती तर ते आज खोल थंड पाण्यात असतं, रूपेशला जिथे हवं होतं तिथे. आणि आता तो शब्द तिच्याजवळ होता, उशिरा सुचलेला, तोही शुक्रवारसाठी राखून ठेवलेला.

"कराराच्या कागदावर तुझं नाव आहे," ती म्हणाली. "माझ्या परवानगीची तुला गरज नव्हती. देऊन मोकळी व्हायचंस."

"दिलं असतं," केतकी म्हणाली. "मग तुम्ही या घरात कायमच्या गप्प झाला असतात."

बाहेर पाऊस थांबला होता. पंप चालू होता, रिकाम्या दगडावरून पाणी फिरत होतं.

"मी हो म्हणणार होते, केतकी. आज. या बाईंसमोर सांगणार होते."

केतकीने फडकं पिळलं, घडी करून काचेच्या कडेला वाळत घातलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच हर्षदाला पुढे कितीतरी दिवस सोसवलं नाही.

"त्यांच्यासमोर कशाला, ताई?" ती म्हणाली. "मी रोज समोरच होते."